इस्राएलांची रानवाट : ईश्वरी मार्गदर्शनाचे स्वरूप

मिसर देशातील दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना परमेश्वराने रानातून कसे नेले, याचे निवेदन जुन्या करारातील ‘निर्गम’, ‘गणना’ आणि ‘अनुवाद’ या ग्रंथांत आले आहे. दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ या अद्भुतापाशीच वाचक बहुधा थांबतो. मात्र त्या अद्भुतामागे मार्गदर्शनाविषयीचा एक सुसंगत विचार उभा आहे. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मूळ हिब्रू शब्द ‘मिदबार’ असा आहे. मराठी अनुवादांत त्यासाठी ‘अरण्य’ आणि ‘रान’ हे दोन्ही शब्द आढळतात. ‘अरण्य’ म्हणताच आपल्या मनासमोर रामकथेतील निबिड वृक्षराजी उभी राहते. ‘मिदबार’ मात्र तुटपुंज्या पावसाचा, नांगर न लागलेला, तरीही मेंढरे चारता येतील असा प्रदेश होय. गुरे ‘रानात’ नेण्याची आपली बोली या अर्थाच्या अधिक जवळची आहे. ७७ व्या आणि ७८ व्या स्तोत्रांत हा प्रवास कळप नेल्याच्या प्रतिमेतून का सांगितला आहे, हेही यावरून उमगते. मेंढपाळ कळपाला वाटेचा आराखडा समजावून देत नाही. तो सोबत चालतो. मार्गदर्शन म्हणजे येथे माहिती नव्हे, तर सान्निध्य होय.

दुसरा प्रश्न लांबच्या वाटेचा. ‘निर्गम’च्या १३ व्या अध्यायानुसार पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, परंतु युद्ध पाहून लोक मिसरला परततील, म्हणून ती टाळण्यात आली. हा वळसा लोकांच्या दुर्बलतेची कदर करणारा आहे. चाळीस वर्षांचे कारण मात्र निराळे. होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतचे अंतर ११ दिवसांचे, असे ‘अनुवाद’ सांगतो. १२ हेरांनी ४० दिवस देश हेरल्यावर लोकांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि दिवसाला एक वर्ष या प्रमाणात शिक्षा झाली. वळसा आणि विलंब यांत असा भेद करावा लागतो. तथापि शिक्षेच्या काळातही मेघस्तंभ दूर झाला नाही, याकडे ‘नहेम्या’चा ९ वा अध्याय लक्ष वेधतो.

‘गणना’च्या ९ व्या अध्यायात या मार्गदर्शनाची रीत स्पष्ट होते. निवासमंडपावरील मेघ उठला की प्रस्थान, थांबला की मुक्काम. मग तो मुक्काम दोन दिवसांचा असो, महिन्याचा असो वा त्याहून दीर्घ. मुदत आधी कळत नसे. मान्नाचा नियमही याच जातीचा आहे. माणशी एक ओमर गोळा करावा. उद्यासाठी राखून ठेवल्यास त्यात किडे पडत. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते टिके. वाट आणि अन्न दोन्ही रोजच्या रोज दिली जातात. साठवण्याची मुभा नाही.

येथे एक अडचण उद्भवते. मेघ वाट दाखवीत असता मोशे होबाबाला सोबत येण्याची विनंती का करतो? रानात तळ कोठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो, असा त्याच्या विनवणीचा आशय आहे. ‘गणना’च्या १० व्या अध्यायातील या प्रसंगात होबाबाचे अखेरचे उत्तर नोंदलेले नाही. त्याच अध्यायात प्रस्थानाची सूचना देण्यासाठी चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञाही आहे. म्हणजे ईश्वरी संकेत मानवी जाणतेपणास निरर्थक ठरवीत नाही. केव्हा निघावे हे मेघ सांगतो; पण ते पाहून कर्णा फुंकणे आणि भूमीचा अनुभव पणास लावणे ही माणसाची जबाबदारी उरतेच.

‘अनुवाद’चा ८ वा अध्याय या साऱ्याचा अर्थ सांगतो : लोकांचे अंतःकरण पारखणे आणि त्यांस नम्र करणे, हा या प्रवासाचा उद्देश होता. म्हणूनच ही कथा स्मरणासाठी आहे. कोकणात रुजलेल्या बेने इस्राएल समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली, ती वल्हांडणाच्या रात्री मिसरमधून सुटकेची हीच कथा सांगण्यासाठी. वचनदत्त भूमी गाठल्यानंतरही रान विसरू नये, हा ‘अनुवाद’चा आग्रह आहे, कारण पोट भरल्यावरच माणसाला वाट दाखविणाऱ्याचा विसर पडतो.