चेन्नईची स्थलनामे : उच्चार, लेखन आणि अर्थ

चेन्नईतील ‘ट्रिप्लिकेन’ हे नाव ऐकून त्यात एखादे तळे दडले असेल, अशी शंका परक्या माणसास येणार नाही. मूळ तमिळ नाव तिरुवल्लिक्केणी. ‘अल्लि’ म्हणजे कुमुदिनी, ‘केणी’ म्हणजे तळे आणि ‘तिरु’ हा आपल्या ‘श्री’सारखा आदरवाचक शब्द. इंग्रजी दप्तरात नाव शिरले, पण अर्थ बाहेरच राहिला. एऴुंबूरचे ‘एग्मोर’ झाले तेही असेच.

आयर्लंडमध्येही हे घडले होते. तेथील भूमापनाच्या वेळी, 1830 च्या दशकात, जॉन ओडोनोव्हन यांनी गावोगावी हिंडून गेलिक भाषकांचे उच्चार व त्यांनी सांगितलेले अर्थ टिपले. नकाशांवर इंग्रजी वळणाची रूपे चढली. तरीही टिपणे उरल्यामुळे ‘बॅली’ या रूपामागील वस्तीवाचक ‘बाल्य’ शब्द अभ्यासकांना गवसतो. तमिळनाडू शासनाने जून 2020 मध्ये 1018 स्थलनामांचे इंग्रजी लेखन तमिळ उच्चाराशी जुळविण्याचा आदेश काढला. नव्या वर्णलेखनावर टीका झाली व काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. मुळात रोमन अक्षरे बदलल्याने अर्थ परत येतोच असे नाही.

मराठी अभ्यासकास येथे एक सोय आहे व एक धोका. ‘ळ’ आपल्यापाशी आहे. ‘ऴ’साठी मात्र वेगळे चिन्ह वापरावे लागते. ‘पेट्टै’ ऐकताच आपली ‘पेठ’ आठवते, आणि ते योग्यच. परंतु ‘चिंताद्रिपेट’मध्ये संस्कृताभ्यासी कानाला ‘अद्रि’ म्हणजे पर्वत ऐकू येतो! प्रत्यक्षात ती 1734 मध्ये वसविलेली विणकरांची वस्ती. ‘चिन्न तऱि पेट्टै’, लहान मागांची पेठ, अशी तिची फोड सांगतात. लोकव्युत्पत्ती टाकून देऊ नये, पण ती ‘लोक असे सांगतात’ या सदराखालीच नोंदवावी. मांबलम हे नाव कोणी आंब्याशी जोडतो, तर कोणी बिल्ववृक्षाशी. नोंदीत दोन्ही हवीत.

सर्वांत निकडीची नोंद पाण्याच्या शब्दांची आहे. ‘एरि’ म्हणजे सिंचनाचा तलाव, ‘कुळम्’ म्हणजे तळे, ‘तांगल’ म्हणजे लहान जलाशय. ओट्टेरी, पऴवंतांगल, अय्यप्पंतांगल या नावांच्या शेवटी पाणी आहे. तेथे घर बांधणाऱ्याला हा प्रत्यय समजला, तर जमिनीचा उतार विचारण्याची बुद्धी तरी होईल. डिसेंबर 2015 च्या महापुरात शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. त्यांतील कित्येक वस्त्या जुन्या तलावांच्या व पाणथळीच्या जागी उभ्या होत्या.

तलाव नाहीसा झाल्यावरही नाव मागे राहते, कधी परभाषेत. मांबलमचा लांबलचक तलाव 1920 च्या दशकात बुजवून त्यागराय नगर वसविण्यात आले. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आजही आहे. त्यावरून तलाव मात्र दिसत नाही. नाव इंग्रजी म्हणून नोंदवहीतून ते वगळता येणार नाही.