जीबीएसमधून रुग्ण किती सावरला, हे मोजायचे कसे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण वाढले. संशयितांचा आकडा पुढे दोनशेपार गेला. चर्चा झाली ती रुग्णसंख्येची आणि व्हेंटिलेटरची. घरी परतलेला रुग्ण कामावर जाण्याइतका बरा झाला का, हा प्रश्न मागेच राहिला.

हा आजार काय आहे?
शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होऊन वर सरकतो. बहुतेक रुग्ण सावरतात; पण त्याला काही महिने, कधी वर्षेही लागतात.

सुधारणा कशी मोजतात?
१९७८ पासूनची ह्युज मोजपट्टी आजही सर्रास वापरली जाते. ० म्हणजे निरोगी, ३ म्हणजे आधार घेऊन चालणारा, ४ म्हणजे अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेला, ५ म्हणजे व्हेंटिलेटरवर आणि ६ म्हणजे मृत्यू.

अडचण कुठे आहे?
समजा, बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा फिटर आधाराविना चालू लागला, पण त्याला पळता येत नाही. पट्टीवर तो २ वर. मात्र नट आवळता येतो का, दुचाकीचा क्लच दाबता येतो का, हे त्या आकड्यातून कळत नाही. हातातली ताकद हळूहळू वाढली, तरी आकडा २ च राहू शकतो. शिवाय ४ वरून ३ आणि २ वरून १ या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

नवी पट्टी काय सांगते?
२०११ मध्ये ‘आय-रॉड्स’ ही प्रश्नावली आली. डॅनिश गणितज्ञ जॉर्ज राश यांच्या पद्धतीवर ती बेतली आहे. वाचण्यापासून धावण्यापर्यंत, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी २४ कामे तीत आहेत. प्रत्येक काम जमत नाही, कष्टाने जमते की सहज जमते, हे रुग्ण स्वतः सांगतो. उत्तरांचे रूपांतर ० ते १०० या समान अंतराच्या पट्टीवर होते.

आपल्याकडे जशीच्या तशी चालेल?
तीत सँडविच करण्याचा प्रश्न आहे. मराठवाड्यात भाकरी थापणे किंवा मांडी घालून उठणे जास्त लागू पडेल. पण प्रश्न बदलला की त्याची काठिण्यपातळी स्थानिक रुग्णांवर पुन्हा तपासावी लागते.

रुग्णांनी काय करावे?
बटण लावणे, कुलूप उघडणे, जिना चढणे अशी रोजची कामे कितपत जमतात, याची दर महिन्याला नोंद ठेवावी आणि ती डॉक्टर व फिजिओथेरपिस्टना दाखवावी.