माहितीची कोठारे आणि त्यांचे सांधेवाले

धानाची मळणी आटोपली म्हणजे आमच्या धानोरा तालुक्यातील शेतकरी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदविण्यास निघतो. नाव नोंदवावयाचे तर सात-बाराचा उतारा जवळ हवा. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत हेलपाटे घालावे लागत; २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला असून संगणकावर बसलेला मुलगा चार कळा दाबून तो हाती देतो. हा उतारा आला कोठून, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारिला. त्या लहानशा यंत्रात तो नव्हता, हे उघड आहे. उत्तर देण्यासाठी आम्हांस जे वाचावे लागले, ते येथे पालकांपुढेही ठेवितो.

अशा नोंदी दूरच्या एखाद्या माहिती-केंद्रात असतात. तेथे यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. मागणी ऐकून हिशेब करणारी ती सर्व्हर; आणि लिहिलेले सांभाळणारी ती डिस्कांची मोठमोठी कपाटे. काम लहान असेल तर डिस्क सर्व्हरच्या पोटातच ठेवितात, जसे शेतकऱ्याचे धान घरच्या ढोलीत. परंतु सर्व्हर शेकड्यांनी असले म्हणजे एकाची ढोली ओसंडते व दुसऱ्याची रिकामी राहते. शिवाय सर्व्हर बिघडला की त्याच्या पोटातील माहितीही अडकून पडते. म्हणून सर्वांचे धान एका सामाईक गोदामात आणून, सर्व्हर व गोदाम यांच्यामध्ये केवळ ह्याच कामाची निराळी वाट बांधितात. ह्या वाटांच्या जाळ्यास स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. त्यात पुष्कळ ठिकाणी फायबर चॅनेल नावाची पद्धत वापरितात. तिचे पहिले प्रमाण १९९४ साली अमेरिकेत मान्य झाले. केसासारख्या काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते.

जेथे हे तंतू एकत्र येतात तेथे स्विच बसविलेला असतो. ज्यांनी वडसा स्टेशनावर गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाताना पाहिली आहे, त्यांस स्विचचे काम निराळे सांगावयास नको. तो ह्या जाळ्यातील सांधेवाला होय. मात्र त्यास कामावर रुजू करण्यापूर्वी काही गोष्टी नीट शिकवाव्या लागतात.

पहिली गोष्ट पत्त्याची. जाळ्यातील प्रत्येक टोकास २४ बिटांचा पत्ता मिळतो व त्याचे तीन सारखे भाग असतात. पहिल्यावरून स्विच कळतो, दुसऱ्यावरून त्यावरील विभाग, तिसऱ्यावरून नेमके टोक; जिल्हा, तालुका, गाव, असाच हा क्रम. स्विचचा क्रमांक १ ते २३९ यांपैकी असावा लागतो, आणि एका जाळ्यात दोन स्विचांचा क्रमांक एकच असून चालत नाही. एकाच क्रमांकाचे दोन स्विच जोडले तर त्यांच्यात गाठ पडत नाही; तंतू जागच्या जागी असतो, पण जाळे मात्र दुभंगलेले राहते.

दुसरी गोष्ट कुलपाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. सामान्य संगणकाचा स्वभाव असा की, जी डिस्क त्यास दिसेल ती तो आपलीच समजतो. परस्परांची खबर नसलेले दोन सर्व्हर एकाच डिस्कवर लिहू लागले, तर दोघांचेही लिखाण नासते. दोन कारकुनांनी एकमेकांस न पाहता एकाच वहीच्या एकाच पानावर लिहावे, तसा हा प्रकार. म्हणून कोणी कोणास पाहावे ह्याची यादी स्विचमध्ये लिहितात. तिला झोनिंग म्हणतात. प्रत्येक सर्व्हरच्या जोडपत्त्यास कारखान्यातच ६४ बिटांचे, १६ अक्षरी नाव दिलेले असते. त्या नावावरून झोन बांधावा, आणि एका झोनमध्ये सर्व्हरची एकच पट्टी व तिला लागणारी कोठाराची टोके एवढीच असावीत, अशी जाणत्यांची रीत आहे. काम वाढते खरे, पण एकाची गडबड दुसऱ्याच्या दारी जात नाही. ती पट्टी जळून नवी बसविली की नाव बदलते. मग यादीही बदलावी लागते. हे विसरले म्हणजे नवी कोरी पट्टी असूनही सर्व्हरला कोठार दिसेनासे होते. कोठारापाशीही अमुक खण अमुकासच, अशी दुसरी यादी असते. दोन्ही जुळल्यावाचून दार उघडत नाही.

वाटा दोन असाव्यात, व त्या एकमेकींस कोठेही जोडू नयेत. जोडल्या तर एकीवरील चूक दुसरीवर पसरते आणि दोन वाटा बांधल्याचा लाभ नाहीसा होतो. यादीतील बदलही एका वेळी एकाच वाटेवर करावा; तीवर सर्व सुरळीत आहे असे दिसले, मगच दुसरीस हात लावावा. बदल करून तो कायम जतन न करणे ही आणखी एक नित्याची चूक. पुष्कळ स्विच असा बदल चालू असेतो पाळतात आणि वीज जाऊन परत आली की विसरतात. आमच्या भागातील विजेची रीत ठाऊक असणाऱ्यांस ह्याचे मर्म चटकन कळेल.

ह्या वाटेची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. समोरच्याने जागा असल्याचे कळविल्यावाचून माहितीचा एकही गठ्ठा निघत नाही. एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त २११२ बाइट माहिती मावते. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाची संमती मिळाल्यावाचून गाडी सुटत नाही, तसेच हे. वाट लांब असेल तर वाटेतच पुष्कळ गठ्ठे असतात. म्हणून लांब तंतूसाठी अशा संमत्यांची संख्या वाढवून द्यावी लागते, नाही तर मार्ग मोकळा असूनही वेग मंदावतो.

आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क पुढे सिद्ध करावयाचा तो नोंदीनेच. हे सांगताच त्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारिले, "गुरुजी, गोदामच जळाले तर?" ते राखणे स्विचच्या हाती नाही. त्यासाठी दुसऱ्या शहरात दुसरे कोठार ठेवून पहिल्यात लिहिलेले तेथेही लागलीच लिहितात. पण पहिल्यात चूक लिहिली गेली तर तीही तितक्याच तत्परतेने तेथे पोहोचते. म्हणून कालची, गेल्या आठवड्याची व गेल्या महिन्याची, अशा जुन्या प्रती जाळ्यापासून अलग काढून निराळ्या ठेवाव्या लागतात.