भोंगा वाजला, टीव्ही बंद!

संध्याकाळचे सहा वाजले की गावात भोंगा वाजणार, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होणार आणि आठपर्यंत ते तसेच राहणार. मुलांच्या अभ्यासासाठी हा निर्णय धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने २०२२ मध्ये घेतला. कल्पना सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची. तिथे १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामस्थांची बैठक झाली आणि स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात ते साडेआठ हा दीड तास बिनपडद्याचा ठरला. भोंगा बसवला गावातल्या मंदिरावर.

वडगावात सुरुवातीला पुरुषमंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. मग पंचायतीने महिलांना एकत्र केले. आपण मालिका जरा जास्तच बघतो, हे त्यांनी कबूल केले आणि गाडी पुढे सरकली. पहिल्या दिवसांत तर भोंगा झाल्यावर घरोघर फिरून ‘आता बंद करा’ असे सांगावे लागत होते.

या प्रश्नाचे मूळ सगळ्यांनाच आठवत असेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या मोबाईलला हात लावला म्हणून मुलांना ओरडा बसायचा, तोच त्यांच्या हातात वही-पुस्तक म्हणून द्यावा लागला. शाळा उघडल्या तरी तो परत घेणे जमले नाही. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीच करण्याचा ठराव केला. दोन्हींत फरक आहे. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी, तर भोंगा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी. बाप व्हिडिओ बघतोय आणि पोरगा पाढे पाठ करतोय, हे घरात टिकत नाही. शिवाय सगळ्यांचेच फोन बंद असले, तर मित्रांच्या ग्रुपवर आपल्यामागे काय चालले आहे, ही मुलाची धाकधूकही कमी होते. एकट्या घराने नियम केला तर ती वाढते.

मोबाईलविषयी घराघरांत ठाम मते आहेत. त्यांतली काही बरोबर आहेत, काही अर्धवट.

‘मोबाईल बघून चष्मा लागतो’ हे त्यांतले पहिले. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. हा त्रास खरा, पण विश्रांती घेतली की जातो. म्हणूनच दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, निदान वीस फुटांपलीकडे पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. चष्म्याचा नंबर, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, ही वेगळी गोष्ट. त्यात नेत्रगोलच लांबट होतो. तासन्‌तास जवळचे पाहणे त्याला हातभार लावते, मग तो मोबाईल असो वा पुस्तक. पण मोठे कारण बहुधा मुले उन्हात खेळत नाहीत हे आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानात नेण्यात आले. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. ज्या शाळांत हा जादा तास नव्हता, तिथे हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर राहण्याची मोहीमच चालवली. ढगाळ दिवशीही अंगणातला उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामाईन स्रवते आणि नेत्रगोलाची वाढ आवरली जाते, असा संशोधकांचा कयास आहे.

म्हणजे भोंग्याच्या दोन तासांनी अभ्यासाची सोय होईल, डोळ्यांची नाही. उमरग्याकडे डिसेंबरात सहा वाजता दिवस मावळलेलाच असतो. डोळ्यांचे काम शाळा सुटल्यापासून सहापर्यंत व्हायला हवे आणि त्यासाठी गावात मोकळे मैदान हवे.

आता झोप. ‘निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला की प्रश्न मिटला’ हे दुकानातून घरी आलेले मत. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. या काचांमुळे डोळ्यांचा थकवा कमी होतो असे त्यात आढळले नाही, झोपेबाबतही खात्रीचा पुरावा मिळाला नाही. पैसे वाचवायला हरकत नाही. मात्र झोपण्याआधीचा पडदा निरुपद्रवी आहे असेही नाही. अमेरिकेत १२ जणांना सलग पाच संध्याकाळी चार-चार तास प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचायला दिले, तेव्हा झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनची लय सुमारे दीड तास पुढे ढकलली गेली. प्रत्यक्ष झोप लागायला मात्र जेमतेम दहा मिनिटे जास्त लागली. खरा चोर बहुधा प्रकाश नसून ‘अजून एकच व्हिडिओ’ आहे. पुस्तकाचे पान संपते, मालिकेचा भाग संपतो. बोटाने सरकवायची रील मात्र संपत नाही, ती तशीच बनवलेली असते. भोंगा आठला मोकळा करतो आणि झोप चोरणारे तास त्यानंतरचे. त्यावर घरगुती उपाय एकच, चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचा. गजरासाठी फोन उशाशी लागतो म्हणणाऱ्यांना गजराचे साधे घड्याळ बाजारात अजून मिळते.

आणखी एक मत सर्वांत लहानांविषयीचे. ‘मोबाईल दाखवल्याशिवाय घासच घेत नाही’ ही तक्रार बालरोगतज्ज्ञांकडे रोज येते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा नकोच, परगावच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढीच सूट. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठे माणूस शेजारी बसून. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाचे पोट भरल्याकडे लक्ष जात नाही, चवीकडेही नाही. सवय मोडताना पहिले काही दिवस ताटात अन्न उरेल, रडारड होईल. निरोगी मूल भूक लागली की खाते. वजन नीट वाढत नसेल, तर मोबाईल हातात देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

मोबाईल काढून घेतल्यावर मूल आठवडेच्या आठवडे चिडचिडे राहत असेल, शाळा, खेळ, झोप सगळेच सुटत चालले असेल, तर भोंगा पुरणार नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून केवळ यासाठी ‘शट’ नावाचे क्लिनिक चालते. इतक्या लांब जाणे शक्य नसेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. त्यासाठी फोन चालू करावा लागला तर चालेल.