नोकरीचा शोध आणि मित्रांची साथ

शिक्षण पूर्ण करून नोकरीच्या शोधात असलेला तरुण दोन-चार नकारांनंतर घराबाहेर पडेनासा होतो. "सध्या काय करतोस?" हा प्रश्न त्याला नकोसा वाटतो. परंतु लोकांपासून दूर राहिल्याने रिकाम्या जागांची वार्ताही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांची माहिती देणाऱ्याशी अधूनमधून किंवा क्वचितच भेट होत असे. नित्याच्या सोबत्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. दूरच्या परिचिताचा वावर निराळ्या मंडळींत असतो.

धीर देण्याचे काम मात्र जवळचे मित्रच करतात. यास्तव चार-पाच उमेदवारांनी आठवड्यातून एकदा वाचनालयात किंवा शाळेत जमावे. जाहिराती एकमेकांस दाखवाव्यात, अर्ज तपासावेत, मुलाखतीचा सराव करावा. ज्याला प्रथम नोकरी लागेल त्याने उरलेल्यांना विसरू नये. शिक्षकांनीही नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांची या उमेदवारांशी गाठ घालून द्यावी.