ओव्याची चिमूट आणि आतड्यातली कळ

श्रोतेहो, पोटात कळ उठली की आपला हात आधी ओव्याच्या डब्याकडे जातो. चिमूटभर ओवा, दोन खडे मीठ, वर घोटभर कोमट पाणी. तान्हं मूल पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं तर बाळंतशोपा आठवतात. घटकाभरानं माणूस म्हणतो, "आता जरा मोकळं वाटतंय." हे मोकळं वाटणं नुसती समजूत असते, की आत खरोखर काही सैल होतं, ते आज पाहू.

आतडं म्हणजे मोटेच्या पाटासारखी निर्जीव वाट नव्हे. त्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला बांगडीसारखा वेटोळ्यांचा, बाहेरचा लांबीच्या दिशेनं गेलेला. गांडूळ कसं आखडत-पसरत पुढे सरकतं, तसे हे दोन थर अन्नाला पुढे ढकलतात. हाताचा स्नायू आपण म्हणू तेव्हा हलतो. हा स्नायू आपलं ऐकत नाही, म्हणून त्याला अनैच्छिक म्हणतात. त्याला स्वतःचा ताल असतो. माणसाच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला सुमारे १२ लाटा उठतात, शेवटाकडे सुमारे ८. हा ताल बिघडून एखादा भाग मुठीसारखा आवळला आणि सुटेना, की मागे वारा कोंडतो, भिंत ताणली जाते आणि तो ताण आपल्याला कळ म्हणून जाणवतो.

हे सगळं डोळ्यांनी पाहण्याची युक्ती १९०४ साली रुडॉल्फ माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिली. नुकत्याच मेलेल्या प्राण्याच्या आतड्याचा लहानसा तुकडा घ्यायचा आणि कोमट खारट पाण्यात टांगायचा. पाण्यात मीठ, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि साखर असते. खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडतात. गंमत अशी, की शरीरापासून तोडलेला तो तुकडा तासन् तास आपला आपण आखडत-पसरत राहतो! त्याच्या टोकाला दोरा, दोऱ्याला हलकी काडी, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर टेकवलेलं. आतडं हललं की काजळीत रेघ उमटते. गुरुजनांनी फळ्यावर हे चित्र जरूर काढावं. मुलांना ते चटकन उमजतं.

आता या पाण्यात ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचा थेंब टाकला, तर रेघ एकदम वर चढते. मज्जातंतू स्नायूला "आवळ" असा निरोप पाठवतात, तो याच द्रव्याच्या हाती. मग ॲट्रोपीन घालायचं. हे धोतऱ्यात असतं. त्यानंतर ॲसिटिलकोलीनचा थेंब पुन्हा टाकला तरी रेघ जागची हलत नाही. निरोप्या दारात उभा आहे, पण कडी आतून लागलेली आहे. मात्र त्याच पाण्यात पोटॅशियम जास्त घातलं, की ॲट्रोपीन असूनही आतडं आवळतंच. म्हणजे धोतरा निरोप अडवतो, स्नायूची ताकद काढून घेत नाही.

ओव्याची तऱ्हा निराळी. स्नायूला आवळायला बाहेरून कॅल्शियम आत यावं लागतं, आणि त्यासाठी पेशीच्या कडेला बारीक दारं असतात. २००५ साली कराचीच्या आगाखान विद्यापीठातल्या संशोधकांनी ओव्याचा अर्क सशाच्या आतड्यावर घालून पाहिला. आतड्याची आपली हालचाल तर मंदावलीच, शिवाय पोटॅशियमनं आवळलेलं आतडंही सैल झालं. अर्क कॅल्शियमची दारं लोटून घेतो, असं त्यांनी दाखवलं. पुदिन्याच्या जातीतल्या पेपरमिंटमधलं मेंथॉलही असंच वागतं. मात्र काचेच्या भांड्यात अर्क थेट आतड्याला भिडतो. चावलेल्या चिमूटभर ओव्यातलं किती द्रव्य तिथवर पोचतं, हा वेगळा प्रश्न. म्हणून ओव्याला थोतांड म्हणू नये, आणि रामबाणही म्हणू नये.

धोतऱ्याचा प्रयोग मात्र घरी कुणी करू नये. दवाखान्यात पोटदुखीवर जे हायोसिनचं औषध देतात, ते याच कुळातल्या झाडांच्या द्रव्यापासून बनतं, पण तिथं मात्रा मोजलेली असते. झाडात ती मोजलेली नसते. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांसारखं दिसतं, आणि मुलं खेळताना ते तोंडात घालतात. तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, अंग लाल आणि तापलेलं, लघवी अडणं, असंबद्ध बडबड, ही लक्षणं दिसली तर ओकारी काढत बसू नका. मूल ताबडतोब दवाखान्यात न्या, आणि जमलं तर ते बोंड बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट दुखण्याची. कळ येते-जाते तोवर ओवा ठीक. पण बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकून तिथंच ठाण मांडून बसलं, ताप आला, हात लावू देईना, तर तो आंत्रपुच्छाचा दाह असू शकतो. तसंच पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद झाले, हिरवी उलटी झाली, तर वाट अडलेली असेल. स्नायू सैल करून अशी अडलेली वाट मोकळी होत नाही. एरंडेल तर अशा वेळी मुळीच देऊ नये.

जाता जाता, शिक्षकमित्रांना वर्गात हमखास येणारा एक प्रश्न. पेपरमिंटची गोळी चघळली की काहींच्या छातीत जळजळतं, ते का? अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूचं एक वळं असतं. ते जठरातलं आंबट वर येऊ देत नाही. मेंथॉलला हे वळं आणि आतडं यांत फरक करता येत नाही, ते वळ्यालाही सैल करतं. यावर औषध बनवणाऱ्यांनी तोड काढली. वारंवार मुरडा येणाऱ्यांसाठी पेपरमिंटचं तेल अशा कुपीत भरतात, की तिचं कवच जठरातल्या आम्लात विरघळत नाही. ते पुढे आतड्यात गेल्यावरच उघडतं. म्हणून ती कुपी चावायची नसते, अख्खी गिळायची असते.