परसातला वाफा आणि अंगातले रक्त

महाशिवरात्रीच्या सुमारास थंडी ओसरते आणि उन्हाळी भाजीपाल्याच्या पेरणीचे दिवस येतात. आरोग्याच्या सदरात पेरणी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. थकवा, धाप, चक्कर अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या अंगात रक्तच कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीतून लोह व फॉलिक आम्ल मिळते. पण उन्हाळ्यात ती महाग होते आणि गरिबाच्या ताटातून आधी तीच जाते. घरामागे चार हात जागा असेल तर यावर उपाय आपल्या हाती आहे.

आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळे कुजतात आणि ती वाळली की भेगा पडतात. म्हणून गादीवाफा करावा. रुंदी तीन फूट ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. उंची वीतभर पुरे. मातीत पूर्ण कुजलेले शेणखत व थोडी रेती मिसळावी. चवळाईचे बी बारीक असते. ते रेतीत मिसळून टाकावे आणि जेमतेम झाकेल इतकीच माती वर घालावी. सांबारासाठी धने रगडून, दोन फोडी करून पेरावेत. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. पालक व सांबार आधी उरकावेत, कारण ऊन तापल्यावर त्यांची उगवण मंदावते. चवळाई, भेंडी व गवार उन्हाला टिकतात. झारीने पाणी द्यावे आणि रोपे वर आली की ओळींमध्ये कुटार पसरावे, म्हणजे ओल टिकते.

काम करताना पायात चप्पल-बूट हवाच. शौचाने दूषित झालेल्या मातीतील आकडीकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. रक्तासाठी भाजी लावायची आणि रक्त कृमींना द्यायचे, असे होऊ नये. खुरप्याची जखम झाल्यास साबणाने धुवावी व धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कपाशीवर फवारून उरलेले औषध या वाफ्यावर कदापि मारू नये. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास तर २००५ पासूनच बंदी आहे. अशी काही औषधे पानाच्या आत भिनतात. भाजी कितीही धुतली तरी ती निघत नाहीत. शिवाय परसातली भाजी आज खुडून आजच शिजते, विषाचा अंश कमी व्हायला अवधीच मिळत नाही. औषध लावलेले रंगीत बियाणे घरात मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये. मावा पडल्यास ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून शिंपडावी.

भाजी निवडून, धुऊन मग चिरावी. जेवताना लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अडवतो.

एक मात्र ध्यानात ठेवावे. रक्त फार कमी झालेले असल्यास नुसत्या भाजीवर भागत नाही. तपासणी करून गोळ्या घ्याव्याच लागतात. पण गोळ्यांनी भरून आलेले रक्त पुढे टिकवायचे काम हा वाफा करील. आणि पहिली खुडलेली भाजी घरातल्या बाईच्या ताटात शेवटी उरेल तेवढी नव्हे, पुरेशी वाढावी.